मागची डावी दाढ

अंतोन डॉक्टर गाडीला "आ कर" म्हणायचे.

गाडी म्हणजे तळहातावर मावणारी प्लॅस्टिकची रेसिंग गाडी, साठेक वर्षांपूर्वीची. जागा म्हणजे वसईजवळच्या सांडोर गावात त्यांच्या घराची पडवी. समोर केळी, आणि पडवीच्या मधोमध दातांच्या दवाखान्यातली ती मोठी खुर्ची. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी बाकी सगळं देऊन टाकलं, खुर्ची तेवढी टेम्पोत घालून घरी आणली. तिच्यावर कुणी बसायचं नाही. तिच्या हाताला जोडलेल्या ट्रेवर पांढरा रुमाल, रुमालावर गाडी उलटी निजवलेली, वरून तो गोल दिवा. डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवायचे, दात बघायचा तो इवलासा आरसा हातात घ्यायचे, गाडीच्या पोटाचे स्क्रू काढायचे आणि टप, म्हणजे वरचं कवच, अलगद उचलताना जन्मभराच्या सवयीने हलकेच म्हणायचे, "आ कर. आ. दुखणार नाही."

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. डॉक्टरांनी मान वर केली नाही. म्हणाले, "हसलास ते बरं झालं. खालची उजवी दाढ किडली आहे तुझी. मघाशी नमस्कार करतानाच दिसली." ती दाढ पुढे काढावी लागली.

ज्यांनी या गाड्या कधी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळा ट्रॅक असतो, त्यात खाच असते, खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या आणि पट्ट्यांत वीज. गाडीच्या पोटाखालची खुंटी, डॉक्टर तिला जीभ म्हणायचे, खाचेत बसते. हातातला खटका दाबला की गाडी सुटते, जास्त दाबला की वळणावर उडून भिंतीवर आपटते. माझ्या लहानपणी आमच्या एका नातेवाइकांकडे असा सेट होता. मला बघायची परवानगी होती, हात लावायची नव्हती. मी आता विरारला राहतो आणि कामणच्या एका गोदामात पॅकिंग बघतो. पन्नाशीला टेकल्यावर मी स्वतःसाठी एक जुनी हिरवी गाडी मिळवली, आणि तिचा खरेखोटेपणा कुणाला दाखवावा म्हणून विचारत विचारत डॉक्टरांच्या पडवीत पोचलो.

तिथे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आमच्यासारखे पाचसात वेडे जमायचे. वसईहून मेल्विन यायचा. त्याचं टायरचं दुकान, तोंडही टायरसारखंच, कायम फिरतं. रेजिना काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि कॉफी आणून ठेवायच्या आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "म्हातारी पोरं जमली." त्या आणि डॉक्टर आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे. ते मला अर्धंच कळायचं, पण बोलणं आमच्याबद्दल चाललंय हे पूर्ण कळायचं.

डॉक्टरांच्या टेबलाचा एक रिवाज होता. गाडी ट्रेवर ठेवली की डॉक्टर हात मागे बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, "बोल, काय काय दुखतंय?" आधी मालकाने आपल्या गाडीचे दोष आपल्या तोंडाने सांगायचे, मग दिवा लागायचा. "पेशंट बोलला तर अर्धं काम झालं," ते म्हणायचे. "सांगितलेला दोष अर्धा धरायचा, लपवलेला दुप्पट." गुण दहापैकी. दहा त्यांनी कुणालाच दिले नाहीत. मेल्विनने एकदा छेडलं, "अंकल, दहा काय खिशात घालून नेणार?" तर म्हणाले, "दहा दिले की माणूस बघायचं थांबवतो."

आणि बघणं म्हणजे काय असतं ते मी तिथे शिकलो. गाड्या समोरून सगळ्याच छान दिसतात, म्हणून आधी उलटी करायची. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे किती, म्हणजे पोट किती वेळा उघडलंय. टपाचा आतला रंग आणि बाहेरचा रंग मेळ खातो का. आत ऊन पोचत नाही, तिथला रंग खोटं बोलत नाही. टायर एका बाजूने चपटे असतील तर गाडी वर्षानुवर्षं एकाच जागी उभी होती, चालवलेली नाही. पुढची काच मूळची की नंतर बसवलेली. आणि सगळ्यात शेवटी दाढा. टपाच्या आतून चार पोकळ खुंट खाली येतात, सांगाड्याचे स्क्रू त्यांत बसतात. डॉक्टर त्यांना दाढा म्हणायचे. साठ वर्षांचं प्लॅस्टिक, ठिसूळ झालेलं. दाढ फुटली की गाडी गेली. म्हणून स्क्रू परत बसवताना डॉक्टर तो आधी उलटा फिरवायचे, सावकाश, कान लावून. स्क्रूला त्याचा जुना आटा सापडला की बारीक 'टिक्' होतं. मग सुलटा, तोही बोटाच्या जोरावर, मनगटाच्या नाही. "आधी मागे जायचं," ते म्हणायचे, "जुनी वाट सापडली की मग पुढे. घाईघाईत नवी वाट काढशील तर दाढ फोडशील."

माझ्या हिरव्या गाडीची पाळी आली. तिच्या मागच्या चाकावरची कमान कुणीतरी पूर्वी मोठे टायर बसवायला कापली होती. मी ती पुट्टी भरून, घासून, रंग जुळवून बेमालूम केली होती. चार सुट्या त्यात घातल्या होत्या. "बोल सावंत, काय काय दुखतंय?"

"टायर कडक झालेत," मी म्हणालो. "बाकी ठणठणीत."

डॉक्टरांनी आरसा आत सरकवला. मग आरसा माझ्या हातात दिला. "आतून बघ. कमानीपाशी रंग बदलतो. फिलिंग आहे." सगळे वाकून बघायला लागले. "सांगितलं असतंस तर सात दिले असते. पाच."

"टेन्शन नको घेऊ सावंत," मेल्विन म्हणाला, "पाच म्हणजे पास तरी आहे."

सगळे हसले, मीही हसलो. पण ते हसणं मी विरारपर्यंत घेऊन गेलो, आणि नंतरही बरेच दिवस ते माझ्याकडेच होतं.

डॉक्टरांच्या स्वतःच्या गाड्यांत दोन महत्त्वाच्या. एक लाल. त्यांचे थोरले भाऊ बोटीवर होते. त्यांनी परदेशातल्या बंदरावरून धाकट्यासाठी सेट आणला होता, त्यात एक लाल आणि एक निळी. निळी डॉक्टरांच्या हातून वाडीच्या विहिरीत पडली. भावाने मारलं नाही, नुसतं म्हणाला, "पुढच्या फेरीला आणतो." पुढच्या फेरीहून तो आलाच नाही, बोटीवरच आजाराने गेला. डॉक्टर ही गोष्ट एकदाच बोलले आणि लगेच कुणाच्या तरी टायरला नावं ठेवायला लागले. पण तशी निळी ते जन्मभर शोधत होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरी पिवळी. तिला त्यांनी नऊ दिले होते. आख्ख्या पडवीत नऊ फक्त तिला.

आणि एका रविवारी आम्ही पोचतो तर डॉक्टर फाटकातच उभे. पायात एक चप्पल, दुसरी कुठेतरी मागे राहिलेली. "निळी सापडली. नाशिकला. पेठे म्हणून आहेत, त्यांच्याकडे. खोक्यासकट." पेठ्यांना त्यांनी फोन लावून सगळं विचारलं होतं, टायर, काच, दाढा. पेठे विकायला तयार नव्हते, अदलाबदलीला होते. त्यांना पिवळी हवी होती. "मी सांगितलं, नऊ आहे. ते म्हणाले, डॉक्टर, तुम्ही नऊ म्हणालात म्हणजे मी डोळे मिटून घेतो." डॉक्टरांचा आवाज चढला होता. त्या दिवशी त्यांनी पिवळी आमच्यासमोर पुन्हा उघडली, चारही दाढा आरशात फिरवून फिरवून बघितल्या. "केसाएवढी एक रेघ नाही," म्हणाले. मग लालला ट्रॅकवर ठेवून खटका असा काही दाबला की ती पहिल्याच वळणाला उडून काकूंच्या कॉफीच्या ट्रेमध्ये गेली. "बघा," काकू म्हणाल्या, "हिला सोबत नाही म्हणून ही अशी वागते."

"पॅकिंग सावंत करेल," डॉक्टर म्हणाले. "त्याचं कामच ते. हात हलका आहे."

पिवळी मी त्याच संध्याकाळी विरारला नेली. घरात कुणी नव्हतं. टेबलावर मऊ कापड, फोम, खोकं, सगळं मांडून झालं होतं. आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन ती उघडली. माझ्याकडे डॉक्टरांसारखा आरसा होता, विजेरी होती, मी तासभर आत बघत बसलो. मग टप बसवला, स्क्रू ठेवला आणि सुलटा फिरवला. मागे गेलोच नाही. 'कट्' असा आवाज आला. तो आवाज मी अजून ऐकतो. मागची डावी दाढ वरपासून खालपर्यंत तडकली होती.

फोन करायला हवा होता. फोन त्यांचाच आला. "झालं का रे पॅकिंग? फोम दोन्ही बाजूंनी घाल. पेठ्यांनी निळी आजच पॅक करायला घेतली म्हणे." मागून काकू काहीतरी ओरडत होत्या आणि डॉक्टर पोरासारखे हसत होते. मी म्हणालो, "होतंय, डॉक्टर." मग मी सुईच्या टोकाने तड्यात चिकटद्रव्य सोडलं, दोऱ्याने दाढ बांधून ठेवली, सुकल्यावर दोरा कापला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम. दुसऱ्या दिवशी पार्सल गेलं.

पेठ्यांनी ते उघडलं, पोटही उघडलं, आणि दिव्याखाली त्यांना चिकटद्रव्याची चकाकी दिसली. त्यांनी निळी पाठवायची थांबवली आणि पिवळी परत केली. भांडले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "असू दे डॉक्टर, वयोमानाने होतं." भांडले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी मला विचारलंसुद्धा नाही. संशयच आला नाही त्यांना. त्यांनी पिवळी दिव्याखाली धरली, दाढेची शिवण बघितली आणि म्हणाले, "मी ही बघितली होती. चार वेळा बघितली होती. आणि मला दिसली नाही." दोन वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "दातांचा डॉक्टर, आणि त्याला फिलिंग दिसलं नाही," असं म्हणून त्यांनी दिवा मालवला. तेव्हा मी तिथे उभा होतो. माझ्या हातात सुकेळं होतं.

त्यानंतर रविवार होत राहिले, गाड्याही पळत राहिल्या, पण ट्रेवर कुणाची गाडी ठेवली की डॉक्टर म्हणायचे, "मेल्विन, तू बघ. मला नाही दिसत." महिन्यातून एकदा ते चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या मुलांचे दात फुकट तपासायचे. पोरं त्यांना घाबरायची आणि रांगही लावायची. ते त्यांनी सोडलं. स्कूटर सोडली. काकू एकदा फाटकापर्यंत मला सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "सावंत, तुम्ही तरी सांगा ह्यांना. परवा पेपरसुद्धा मला वाचायला लावला. अक्षरं दिसतात त्यांना, पण म्हणतात, दिसतात तीच आहेत कशावरून?" मी म्हणालो, "सांगतो, काकू." पुढच्या रविवारी सांगू, असं मी प्रत्येक रविवारी ठरवलं.

मग मेल्विनचं ते खोकं आलं. त्याचं एक गिऱ्हाईक घर खाली करत होतं, माळ्यावरून काढून त्याला दिलं. मेल्विन ते छातीशी धरून फाटकातून धावतच आला. "अंकल, सेट आहे. आख्खा. ट्रॅक, ट्रान्सफॉर्मर, दोन गाड्या. पेपरात गुंडाळलेला, पेपरपण आपल्यापेक्षा म्हातारा." आम्ही सगळे खुर्चीभोवती गोळा झालो. कागद सुटायला लागले तसा जुन्या प्लॅस्टिकचा आणि तेलाचा तो वास आला, आणि मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. हात पुढे आले होते. मग त्यांनी ते हात मागे नेऊन बांधले.

"मेल्विन, बोल, काय काय दुखतंय?"

"एकीची पुढची काच नाही. दुसरीचा टायर उंदराने खाल्लाय. आणि टपावर कुणीतरी नेलपॉलिश लावलंय, बहुतेक मालकाच्या बहिणीने."

"कुठली शेड?" काकूंनी विचारलं.

"मी नाही बघत," डॉक्टर म्हणाले आणि आरसा माझ्या हातात दिला. "आज सावंत बघेल. हात हलका आहे त्याचा."

मी बघितलं. स्क्रू काढले, टप उचलला, रंग सांगितला, दाढा मोजून चारही शाबूत असल्याचं सांगितलं. माझा आवाज बरोबर येत होता. परत बसवायची वेळ आली. स्क्रू ठेवला, आधी उलटा फिरवला, सावकाश, कान लावून. टिक्.

माझ्या खांद्यामागून डॉक्टर म्हणाले, "शाबास."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "डॉक्टर, पिवळीची दाढ मी फोडली."

"कुठली पिवळी?" मेल्विन म्हणाला, आणि मग त्यालाच कळलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, ट्रेकडे बघत होते. "केव्हा?"

"पॅकिंगला नेली तेव्हा. घरी."

"म्हणजे मी बघितल्यानंतर."

"नंतर."

"उघडलीस कशाला?"

"बघायला."

"स्क्रू उलटा फिरवलास?"

"नाही."

"चिकटवलीस कशी?"

"सुईने. दोऱ्याने बांधून ठेवली."

"सुईने," ते स्वतःशी म्हणाले. मला वाटलं आता मला फाटक दाखवतील. त्यांनी मान वळवली आणि घराच्या दिशेने, आख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "रेजिना, माझे डोळे चांगले आहेत." काकू त्यांच्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "कानाचं बघा आता. मी इथेच आहे."

मग त्यांनी मला कोपराने ढकललं. "सरक." चष्मा कपाळावर गेला, दिवा खाली आला, आणि त्यानंतर जे झालं तसं मी त्या पडवीत पूर्वी पाहिलं नव्हतं. मेल्विनच्या दोन गाड्या झाल्या, मग आमच्या सगळ्यांच्या झाल्या, ज्या त्या दिवशी नुसत्या पळवायला आणल्या होत्या त्यासुद्धा. "आ कर. हं. हिची जीभ वाकली होती, कुणी सरळ केली? आ कर. अरे, हिला कुणी टूथपेस्टने घासलंय, वासावरून कळतंय." जेवण गार झालं. काकूंनी दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा स्वतःच येऊन बघत उभ्या राहिल्या. नेलपॉलिशच्या गाडीला त्यांनी अर्धा गुण जास्त दिला, कारण खाली मूळ रंग जपला गेला होता.

सगळ्यात शेवटी त्यांनी आतून पिवळी आणली. मागची डावी दाढ आरशात बराच वेळ बघितली. "काम चांगलं आहे," म्हणाले. मग नाशिकला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी पेठ्यांना सगळं सांगितलं. ते सभ्य गृहस्थ. म्हणाले, डॉक्टरांची क्षमा मागतो, पण निळी मध्यंतरी दुसऱ्याला दिली, ती आता देशात नाही.

मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "निळी तुझ्यामुळे गेली," ते म्हणाले. "हे मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस. आता कॉफी पी."

मेल्विनला शांतता सोसत नाही. "अंकल, सांगितलेला दोष अर्धा, लपवलेला दुप्पट. लपवून मग उशिरा सांगितला तर?"

"त्याचा नियम आपण केलाच नव्हता." डॉक्टरांनी विचार केला. "पिवळी सात." मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "सावंत पाच."

"पास तरी आहे," मेल्विन म्हणाला. आणि त्या दिवशी मी खरोखर हसलो.

पुढच्या महिन्यात ते चर्चच्या हॉलमध्ये परत मुलांचे दात बघायला बसले. पहिल्या पोराने तोंड उघडायच्या आतच म्हणे त्यांनी सांगितलं, चॉकलेट कुठल्या बाजूने खातोस ते. त्यानंतर डॉक्टरांनी आणखी दोन नाताळ पाहिले. गेले तेही जेवून उठताना, काकूंशी काहीतरी वाद घालत. महिनाभराने काकूंनी मला बोलावून आरसा आणि पिवळी दिली. "ह्यांनी सांगून ठेवलं होतं. लाल माझ्याजवळ राहील," त्या म्हणाल्या. खुर्ची अजून पडवीतच आहे, दुसरा रविवारही चुकत नाही.

आता पिवळीचा मालक मी. दर वेळी ती पहिली ट्रेवर ठेवतो आणि रिवाजाप्रमाणे बोलतो, "मागची डावी दाढ फुटलेली. मी फोडली." मेल्विन म्हणतो, "माहितीये, पुढे बोल."

पुढचं मी आजवर बोललो नाही, डॉक्टरांशीही नाही. त्यांनी विचारलं होतं, उघडलीस कशाला, आणि मी म्हणालो होतो, बघायला. ते अर्धंच होतं. मला त्या पाच गुणांचा राग होता. डॉक्टरांनी आपल्या लाडक्या गाडीला नऊ कसे दिले ते मला पकडायचं होतं. तासभर मी एखादी रेघ, एखादा डाग, काहीतरी चुकलेलं शोधत होतो. काही सापडलं नाही, आणि त्या चिडीत मी स्क्रू सरळ पुढे रेटला. नऊ बरोबर होते. ते बरोबर आहेत हे डॉक्टरांखालोखाल मला एकट्याला माहीत होतं, आणि डोळ्यांवरचा विश्वास गेला तो त्यांचा.

येत्या रविवारी हे खुर्चीसमोर बोलणार आहे. पिवळी सातच राहील, तिचा यात काही दोष नाही. माझ्या पाचातले किती उरतात ते मेल्विन ठरवेल.